न वाजणारं घड्याळ

मी नकली घड्याळं विकली. चोरून नाही, नगरच्या कापड बाजारात, भर रस्त्यावर, काचेच्या कपाटात मांडून विकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागे एका समारंभात कुणीतरी 'जुन्या काळातले नामांकित घड्याळतज्ज्ञ' अशी माझी ओळख करून दिली आणि मला खुर्चीत बसवेना. तज्ज्ञ कसला डोंबलाचा! अख्खं गाव मला नकलीवाला म्हणायचं. आजोबांची भिक्षुकी, वडील कचेरीत कारकून, आणि मी हा असा. वडिलांनी मलाही कचेरीत चिकटवून पाहिलं होतं. पण दिवसभर एका जागी बसून दुसऱ्याचे कागद उतरवणं माझ्याच्यानं होईना, म्हणून मी पळ काढला. घड्याळं दुरुस्त करायलाही दिवसभर एका जागीच बसावं लागतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

नकली म्हणजे काय ते आधी समजून घ्या. लोकांना वाटतं नकली घड्याळ म्हणजे न चालणारं. छे! चांगलं चालायचं की. स्वित्झर्लंडात घड्याळांच्या दोन-चार बड्या कंपन्या होत्या. त्यांचं घड्याळ म्हणजे साहेबाच्या मनगटावर, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या. पण त्याच देशात बिननावाचे छोटे कारखानदारही पुष्कळ होते. ते बड्यांसारखीच केस करायचे, तसेच काटे, तशीच तबकडी. माल मुंबईला उतरला की तिथले रंगारी तबकडीवर बडं नाव चढवायचे. बाहेरून दोन्ही सारखी. फरक पोटात. अस्सल घड्याळात चाकांच्या टोकांखाली आणि जिथे सतत ठोका बसतो तिथे माणकाचे बारीक खडे बसवलेले असतात. नकलीत त्या जागी पोलादाच्या खुंट्या. पोलादावर पोलाद आपटलं की आवाज होणारच. त्यामुळे अस्सल घड्याळ कानाशी धरून, श्वास रोखून ऐकावं लागतं, आणि नकली घड्याळ फडताळात ठेवलं तरी माजघरात ऐकू येतं.

आता गंमत बघा. आमच्या मुलखात घड्याळ घेणारा पहिलं काय करायचा? तबकडी बघायचा नाही, नाव वाचायचा नाही. उचलायचा आणि थेट कानाला लावायचा. खडखड वाजलं की चेहरा खुलायचा. "वाजतंय झकास!" म्हणायचा. माझ्याकडे एखाद-दुसरं अस्सल घड्याळ असायचं, ते कानाला लावून माणसं परत ठेवायची. "ह्यात दम न्हाई." मी समजावून थकलो. माझ्या कपाटाचे दोन कप्पे होते, वर अस्सल, खाली नक्कल, आणि कुठलं काय हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगायचो. लोक वरच्या कप्प्याकडे बघायचे आणि खालच्यातलं घ्यायचे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. विलायती माल येणं बंद झालं, मुंबईचे व्यापारी जुने साठे उकरून काढत होते, आणि नगर पडलं लष्कराचं गाव. भिंगारच्या छावणीतले जवान, ठेकेदार, त्यांचे मुकादम, सगळ्यांनाच एकदम मनगटी घड्याळ हवं झालं. एक हवालदार यायचा. त्याला बंद पडलेलंच घड्याळ हवं होतं. का, तर म्हणे, "चालू असलं की रस्त्यात जो तो टाइम इचारतो." दिलं बापड्याला. शेजारच्या फोटोग्राफरनं माझ्याकडचं एक चकचकीत नकली घड्याळ कायमचं उचलून नेलं होतं. ज्याला त्याला ते मनगटावर चढवून, हात छातीशी घ्यायला लावून तो फोटो काढायचा. नगर जिल्ह्यातल्या किती घरांत भिंतीवर माझं ते एकच घड्याळ टांगलेलं असेल, देव जाणे. आणि सरकारनं लढाईपायी सगळी घड्याळं तासभर पुढं करायला लावली तेव्हा तर एक पाटील दोन्ही हातांत दोन घड्याळं घालून फिरायला लागले. उजव्या हातात सरकारचा टाइम, डाव्या हातात स्वतःचा. जेवायला डाव्यावर बसत.

पण ही सगळी मजा झाली. मला अजून अस्वस्थ करतं ते एक अस्सल घड्याळ.

राहुरीकडचे तात्याबा म्हणून एक शेतकरी माझ्या ओळखीचे होते. त्यांचा मुलगा भिवा तोफखान्यात, कुठे तिकडे मिसरात, म्हणजे इजिप्तात, लढाईवर गेलेला. धाकटी मुलगी गया, तिचं लग्न नेवाशाकडच्या एका चांगल्या घरात ठरलेलं. एके दिवशी तात्याबा दुकानात आले आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं काहीतरी जपून माझ्यापुढं ठेवलं.

"भिवानं धाडलंय. त्याच्या पलटनीतला एक गडी सुट्टीवर आला, त्याच्या हाती. म्हनला, जावयाच्या हातात माझं घड्याळ बांदा. पट्टा तेवढा नवा बसवा, घड्याळजी."

मी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि तसाच बसून राहिलो. लाल खड्यांची ती रांग, प्रत्येक चाकाची कड घासून आरशासारखी केलेली. माझ्या वरच्या कप्प्यात असायची ती साधी अस्सल; इतकी वर्षं ज्या सगळ्यांत बड्या कंपनीच्या नकला विकल्या, तिचं घड्याळ पहिल्यांदा माझ्या हातात आलं होतं. मी चिमटा खाली ठेवला.

"तात्याबा," मी म्हणालो, "हे अस्सल आहे. पोरानं कुठून मिळवलं, किती दिवस पोट मारलं, कुणास ठाऊक. पण असं घड्याळ सबंध नगरात दुसरं नसेल."

तात्याबांनी ते कानाला लावलं. लावणारच. "वाजत न्हाई की वो."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, कानाशी नीट धरून दिलं. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "हां. हाय, हाय. लई बारीक बोलतंय." मग निघताना म्हणाले, "लगनाला यायाचं बरं का तुमी. भिवा न्हाई, त्याचं घड्याळ हाय, त्येच्यासंगं तुमी या."

मी गेलो. जायला नको होतं असं अजूनही कधी कधी वाटतं.

वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं होतं. तिथे नवरदेवाला पोशाख द्यायचा, टिळा लावायचा आणि मग वाजत मांडवात न्यायचं, अशी रीत. नवरदेव यशवंता शांत, सरळ पोरगा. त्याचे वडील हयात नव्हते, सगळा कारभार चुलत्यांचा, सोपानरावांचा. हे सोपानराव गावचे पंच. उंचेपुरे, फेटा बांधलेले, आणि बोलणं असं की पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारतायत. माझ्या चांगल्या परिचयाचे. कारण त्यांच्या मनगटावरचं घड्याळ माझ्याच दुकानातलं, खालच्या कप्प्यातलं होतं. घेताना त्यांनी कप्प्यातलं एकेक घड्याळ कानाला लावून सगळ्यांत दणदणीत वाजणारं निवडलं होतं.

पोशाख झाला. तात्याबांनी घड्याळ पुढं केलं आणि म्हणाले, "हे माज्या भिवाचं. लढाईवरनं धाडलंय." सोपानरावांनी ते घेतलं, कानाला लावलं. ताशा बाहेर कडाडत होता. त्यांनी हात वर करून तो थांबवला. पुन्हा कानाला लावलं. दुसऱ्या कानाला लावलं.

"हे बंद हाय."

"न्हाई वो, काटा बगा, फिरतुय."

सोपानरावांनी काटा पाहिला. क्षणभर गोंधळले, मग त्यांचा आवाज चढला. "फिरंना का! वाजत न्हाई म्हंजी आत काय न्हाई. तात्याबा, पोरानं खोटं घड्याळ धाडलं व्हय तुमच्या? का तुमीच बदललं?"

 तात्याबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे घड्याळजी हायेत. ह्यास्नी इचारा."

मी पुढं होऊन सांगितलं की हे अस्सल आहे आणि मी शपथेवर सांगतो. सोपानराव हसले. त्यांच्याबरोबर सगळं वऱ्हाड हसलं.

"ह्यास्नी इचारू? आवं, जलमभर नकली इकनाऱ्या मानसानं सांगायचं, अस्सल कंचं ते? सबंध जिल्हा ह्यांला नकलीवाला म्हनतो!"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी नकलेला नक्कल म्हणून विकलं होतं, एकालाही फसवलं नव्हतं, आणि आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही! मी म्हणालो, "सोपानराव, तुमचं वाजतं ना, ते हलकं आहे म्हणून वाजतं." बोललो ते बोललो. खोटं नव्हतं. पण पंचाला त्याच्या वऱ्हाडापुढं हे सुनावायचं नसतं. सोपानराव ताडकन उठले, त्यांच्यामागे वऱ्हाड उठलं. "चला रे, बैल जुंपा!"

तात्याबांच्या तोंडचं पाणी पळालं. मीही घाबरलो. मग सुचलं ते केलं. माझ्या स्वतःच्या मनगटावर एक नकली घड्याळ होतं, जुनं, खणखणीत वाजणारं. ते सोडलं आणि सोपानरावांच्या हातावर ठेवलं. "हे घ्या. माझ्याकडून नवरदेवाला आहेर." त्यांनी कानाला लावलं, मान डोलावली. "हां. ह्येला म्हंत्यात घड्याळ." पुतण्याच्या मनगटावर बांधलं. ताशा पुन्हा सुरू झाला.

लग्न लागलं. भिवाचं घड्याळ गयानं मागून घेतलं. तिचा निरोप मला तात्याबांनी सांगितला, "दादाचं घड्याळ माज्याजवळ ऱ्हाईल. कुनी काय बी म्हनू द्या." मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! दिवाळीला तात्याबा पुन्हा दुकानात आले. चेहरा पार ओढलेला. गया दिवाळीसाठी म्हणून माहेरी आली होती आणि तिला न्यायला कुणी येत नव्हतं. सासरी पहिल्या दिवसापासून बायका टोचत होत्या, 'खोट्या घड्याळवाल्याची भैन' म्हणून. तिनं बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एकदा चुलत सासऱ्यांच्या तोंडावर बोलून गेली, "माजा दादा खोटं करनार न्हाई. तुमास्नीच ऐकू येत नसंल." बस्स! सोपानरावांनी पंचांच्या थाटात निकालच दिला. भिवानं लढाईवरून यावं, समोर उभं राहून घड्याळ खरं असल्याचं दाखवावं. दाखवता आलं नाही, तर फसवणाऱ्या घरातली पोर आम्हाला नांदवायची नाही, कायमची माहेरी.

"आन् भिवा आलाच न्हाई तर, घड्याळजी?" तात्याबा म्हणाले. 

तेव्हापासून माझं चित्त कामावर राहिना. मी मुळातच तापट, त्यात दुकानभर दिवसभर ती टकटक. भिंतीवरची लंबकाची घड्याळं, कप्प्यातल्या नकला, दुरुस्तीला आलेली, सगळी आपापल्या तालात बडबडत असायची. मला वाटायचं, ही सगळी मिळून माझ्यावर हसतायत. चिमट्यातून स्क्रू निसटायचा, मी गिऱ्हाइकावर ओरडायचो. शेवटी एक दिवस दुकानाला कुलूप लावलं आणि बसनं नेवाशाकडे सोपानरावांच्या गावी गेलो. बरोबर एक नकली घड्याळ आणि एक मोडकं अस्सल यंत्र घेतलं. ओसरीवर बसून दोन्ही उघडली, हे खडे, ह्या खुंट्या, म्हणून आवाज होतो, असं सगळं दाखवलं. सोपानराव ऐकत होते, की नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते, कोण जाणे.

"लाल खडं जत्रंतबी मिळत्यात," ते म्हणाले.

"मग पुण्याला चला. मोठ्या दुकानात दाखवू."

"तुमी घड्याळजी समदे एकच. भिवा येऊ द्या." आणि गुळपाणी पुढं केलं. यशवंता खांबाला टेकून उभा होता. मला पोचवायला वेशीपर्यंत आला आणि हळूच विचारलं, "ती बरी हाय का?" माझं घड्याळ त्याच्या मनगटावर खडखडत होतं. मला ते ओरबाडून फेकून द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "तूच जाऊन बघ की." तो वेशीतूनच परत फिरला. वडिलांच्या जागी असलेल्या चुलत्याचा शब्द मोडणारा पोरगा नव्हता तो.

लढाई संपली. जवान परत यायला लागले. छावणीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फौजी गिऱ्हाइकाला मी तोफखान्यातल्या भिवाबद्दल विचारायचो. ते हसायचे, तोफखाना काय एक आहे होय, म्हणायचे. आणि मग एका बाजारच्या दिवशी, दुपारच्या वेळेला, दुकानाच्या पायरीवर तात्याबा दिसले. त्यांच्यामागे गया, आणि तिच्याशेजारी खाकी शर्टातला एक रुंद खांद्यांचा तरुण. भिवा आला होता. तात्याबांनी सोपानरावांना निरोप धाडून माझ्या दुकानातच बोलावलं होतं. तेही थोड्या वेळात यशवंताला घेऊन आले. माझं एवढंसं दुकान भरून गेलं.

मी भिवाला म्हणालो, "या, या, फार वाट पाहायला लावलीत." तो छान हसला, पण बोलला नाही. बसा म्हणालो, तर उभाच. मला वाटलं, लढाई पाहून आलेला माणूस, शब्द आटले असतील. तात्याबाही म्हणाले, "आल्यापासनं असाच हाय. लई बोलत न्हाई. नुसता तोंडाकडं बगतो."

सोपानराव खुर्चीत बसले. "भिवा, हे घड्याळ तूच धाडलं का?" आणि गयानं पदराखालून घड्याळ काढून भावाच्या हातावर ठेवलं.

ते पाहिल्याबरोबर भिवाचा चेहरा असा फुलला की मला बरं वाटलं. त्यानं बोटांनी काच पुसली, चावी दिली, आणि कानाला लावलं. फुललेला चेहरा हळूहळू उतरला. त्यानं घड्याळ हलवलं. दुसऱ्या कानाला लावलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बंद पडलंय का हे?"



सोपानरावांनी मांडीवर थाप मारली. "झालं का? ज्यानं धाडलं तोच म्हनतोय! तात्याबा, आता काय ऱ्हायलं बोलायचं?" तात्याबा दाराची चौकट धरून उभे होते. यशवंतानं मान खाली घातली. मी ओरडून सांगत होतो की घड्याळ चालू आहे, काटा बघा, काटा फिरतोय! माझं कोण ऐकतंय?

गया मात्र घड्याळाकडे बघत नव्हती. भावाकडे बघत होती. मग तिनं जे केलं ते त्या काळच्या सुनेनं भर बाजारात करायचं नाही. ती चुलत सासऱ्यापुढं गेली आणि हात पुढं केला. "मामंजी, तुमचं घड्याळ द्या जरा."

सोपानराव इतके चमकले की त्यांनी ते सोडून दिलं. ते खडखडणारं घड्याळ घेऊन ती भावाच्या मागे गेली आणि त्याच्या कानाजवळ धरलं. मला ते टेबलाच्या अलीकडे स्वच्छ ऐकू येत होतं. भिवानं मान वळवली नाही. तिनं दुसऱ्या कानाजवळ धरलं. तो आपला हातातल्या काट्याकडेच बघत होता.

"दादा," ती त्याच्या पाठीशी म्हणाली, "दादा, तुला ऐकू येत न्हाई?"

तो हलला नाही. तात्याबा मटकन पायरीवर बसले. वडील बसले हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, तेव्हा भिवा वळला. आमची तोंडं त्यानं पाहिली, बहिणीच्या हातातलं घड्याळ पाहिलं, आणि त्याला समजलं.

"तोफंपाशी हुतो," तो म्हणाला. आवाज फार मोठा लागला, त्याचा त्यालाच कळत नसणार. "पैल्यांदा वाटलं, हुईल बरं. मग न्हाई झालं. बा, तुला सांगनार हुतो. घरात पाय ठिवल्या ठिवल्या कसं सांगू?" गयानं तोंडावर पदर दाबला होता. तो तिला म्हणाला, "आगं, मिसरात घेतलं तवा वाजत हुतं. लई गोड वाजायचं. म्या रोज ऐकायचो. वाटलं, येवडं तरी ऐकू यील, म्हनून कानाला लावलं."

 आणि दुकानातली ती मेली टकटक चालूच. मला ती एकदम असह्य झाली. मी उठलो आणि भिंतीवरच्या घड्याळांचे लंबक हातानं धरून एकेक थांबवले. नकलांचा कप्पा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला, सोपानरावांचं घड्याळही गयाकडून घेऊन तिथंच ठेवलं, यशवंताच्या मनगटावरचंही. दार लोटलं. माझ्या दुकानात असं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मग भिवाच्या हातातून ते अस्सल घड्याळ घेतलं आणि सोपानरावांपुढं धरलं. "आता ऐका. आता तरी ऐका."

मला वाटलं, झिडकारतील. त्यांनी घेतलं. कानाला लावलं, डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसून राहिले. भिवा त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होता, गया त्याचा दंड धरून. सोपानरावांनी डोळे उघडले, थेट भिवाकडे पाहिलं, आणि त्याला दिसावी म्हणून चांगली दोन-तीनदा जोरानं मान डोलावली.

"चालतंय," ते म्हणाले. मग रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्यानं, "झकास चालतंय! अस्सल हाय!"

त्यांनी यशवंताला जवळ ओढलं आणि त्याच्या रिकाम्या मनगटावर भिवाचं घड्याळ स्वतःच्या हातानं बांधलं. भिवा हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तात्याबा तर उघडच रडत होते. मीही रडलो, लपवून काय करू.

सगळे खाली उतरले. सोपानराव त्यांचं घड्याळ घ्यायला मागे थांबले. मी आतून ते आणून दिलं. ते मनगटावर बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी येवढी समदी घड्याळं थांबवली, घड्याळजी. पन मला काय ऐकू आलं न्हाई."

 "मग तुम्ही म्हणालात ते?"

"त्या दिशी मारुतीपुढंबी आलं नव्हतं. लई वर्सं झाली, कान गेल्यात माजं. हे तुमचं दनदनतं म्हनून तेवडं समजतं. पंच मानूस मी, चारचौघांत कसं म्हनू, मला ऐकू येत न्हाई? म्हनलं, घड्याळच बंद हाय." त्यांनी पट्ट्याचं टोक दोनदा चुकवलं. "पोर तोंडावर म्हनली, तुमास्नीच ऐकू येत नसंल. तवा तर मला लईच झोंबलं. आन् आज ते पोरगं तिथं हुबं, माज्यावानीच कानाला लावून बघतंय..."

  मी त्यांचा पट्टा बांधून दिला.

खाली बैलगाड्यांपाशी दोन्ही घरांची माणसं थांबली होती. गया वडिलांच्या बाजूला उभी होती, कुठल्या गाडीत बसायचं ते न कळून. सोपानराव पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेले. त्यांचं साधं बोलणंसुद्धा आम्ही कापड बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकलं होतं. त्या वेळी मात्र ते इतक्या हळू बोलले की मला जेमतेम कळलं.

"चल पोरी," ते म्हणाले, "आपल्या घरला जाऊ."